दोन घरचा पाहुणा उपाशी: पाहुणचाराच्या संकेतस्थळांवर गावाचं सामूहिक प्रोफाइल कितपत चालतं?

संध्याकाळी पावणेआठची मुक्कामी एसटी फाट्यावर थांबते. पाठीवर भलं मोठं दप्तर घेतलेली एक मुलगी उतरते आणि पानठेल्यावर मोबाईल पुढे करते. त्यात सात जणांचा हसरा फोटो, खाली गावाचं नाव आणि 'या, वाट पाहतो' असं उत्तर. पानठेलेवाला सातही जणांना ओळखतो. पण हे उत्तर सातांपैकी कोणी पाठवलं, ते ना त्याला ठाऊक ना मुलीला. पहिल्या घरी विचारलं तर 'ते वरच्या आळीतल्यांनी घेतलं ना?' वरच्या आळीत गेलं तर घराला कुलूप, मंडळी लग्नाला. तिसऱ्या घरी बाई एकट्या, त्यांना कोणी काही सांगितलेलंच नाही.

मुलगी त्या रात्री उपाशी झोपत नाही, गाव तसं होऊ देत नाही. चौथ्या घरी तिला भाकर आणि बाज दोन्ही मिळतं. पण सोय गावाने केली, प्रोफाइलने नाही. म्हण आपल्याकडे आधीपासून आहे. संकेतस्थळं बांधणाऱ्यांनी ती ऐकलेली नाही, आणि आपण ऐकूनही एका खात्यात सात घरं कोंबतो.

तपासायला घेतलेल्या सेवा सहा, प्रवाशाला अनोळखी यजमानाच्या घरी फुकट मुक्काम मिळवून देणाऱ्या. सगळ्यांत जुनी सर्वास, १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली. नाव एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेतलं, 'सेवा करतो' या अर्थाचं. तिथे मुलाखतीशिवाय प्रवासी सदस्य होत नाही. तो परिचयपत्र घेऊन येतो आणि साधारण दोन रात्री राहतो. काऊचसर्फिंग २००४ चं. २०११ मध्ये ती नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि मे २०२० मध्ये बऱ्याच देशांतल्या सदस्यांना वर्गणी लागली. त्या नाराजीतून त्याच वर्षी काऊचर्स हे ना-नफा संकेतस्थळ उभं राहिलं. बीवेलकम २००७ चं, फ्रान्समध्ये नोंदलेल्या बीव्हॉलंटिअर या संस्थेचे स्वयंसेवक ते चालवतात. ट्रस्टरूट्स २०१४ चं, मुळात लिफ्ट मागत फिरणाऱ्यांचं. आणि वॉर्मशॉवर्स फक्त सायकलवर लांब पल्ला गाठणाऱ्यांसाठी. राहण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम सगळीकडे सारखा.

दुसरी सारखी गोष्ट म्हणजे एक ई-मेल, एक पासवर्ड, एक जन्मतारीख, एक माणूस. सगळी इमारत या पायावर आहे. काऊचसर्फिंगच्या जुन्या प्रोफाइलमध्ये लिंगाच्या रकान्यात 'अनेक जण' असा एक पर्याय असायचा, जोडपी आणि खोली वाटून राहणारे तो निवडत. म्हणजे गरज ओळखली होती, पण उत्तर एका रकान्यापुरतंच राहिलं. खातं अनेकांचं आणि चावी मात्र एकच.

विदर्भातल्या गावात पाहुणा कोणा एकाचा नसतो हे खरं. ओसरीवर बसतो एकाच्या, जेवतो दुसऱ्याकडे, न्हाणी तिसऱ्याची बरी असते म्हणून आंघोळ तिकडे. त्यामुळे 'आपण सगळे मिळून एक खातं काढू' हा विचार गावात कोणालाही सुचतो. पण 'सगळे मिळून' म्हणजे नेमके कोण, यावर निकाल बदलतो.

नवरा-बायको एका खात्यावर असतील तर काही बिघडत नाही. दोघांची नावं, दोघांचे फोटो, आणि पहिल्या ओळीत 'संदेश बहुधा मी वाचते' एवढं लिहिलं की पुरे. एकत्र कुटुंबही चालतं, मात्र खातं घरातल्या एका सज्ञान माणसाच्या नावावर हवं आणि बाकीचे मजकुरात यावेत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे इंग्रजी येतं म्हणून बारावीतल्या पोराच्या हाती खातं देणं. या संकेतस्थळांवर सदस्य व्हायला अठरा वर्षं पूर्ण लागतात. शिवाय पाहुणा ज्याच्याशी आठवडाभर गप्पा मारत होता तो पोरगा शिकवणीला अमरावतीला असतो आणि दारात आजोबा उभे असतात. इंग्रजी मोडकं चालेल, पण लिहिणारा तोच भेटला पाहिजे.

बचत गट, भजनी मंडळ, युवक मंडळ यांनी या वाटेला जाऊच नये. मंडळ रात्री दार उघडत नाही, माणूस उघडतो. गटाला उत्पन्न हवं असेल, आणि त्यात गैर काही नाही, तर राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना किंवा साधा होमस्टे हा त्याचा सरळ रस्ता. ताडोब्याच्या वेशीवरच्या गावांत ही सीमारेषा फार लवकर पुसट होते. राहणं फुकट, पण जेवणाचे दोनशे, गाईडचे पाचशे, असं सुरू झालं की पहिल्या तक्रारीला खातं बंद होऊ शकतं. पाहुण्याने आपणहून भाजी आणली, साखर आणली, लेकराला पुस्तक दिलं, ते वेगळं. दर लिहिला की संपलं.

उरतो चार-पाच घरांचा गट, आणि खरी गंमत आणि खरा घोळ दोन्ही तिथे आहे. सामूहिक प्रोफाइल कसं असावं हा प्रश्न याच गटासाठी विचारण्यासारखा आहे.

गटाचा आकार आधी ठरवा. तीन ते पाच घरं, त्याहून जास्त नाहीत. सात घरं झाली की बारभाईंचा कारभार सुरू होतो, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने उत्तर दिलं असेल. तीनच्या खाली आलं तर गटाचा फायदा उरत नाही, कारण एक घर गावाला गेलं आणि एकात आजारपण निघालं की प्रोफाइल बंदच.

विनंती आली की पुढे काय, हा सामूहिक प्रोफाइलचा कणा. चांगली रचना अशी: विनंती सगळ्या घरांना दिसते. कोणीतरी एक घर ती 'उचलतं', म्हणजे तिच्यावर त्या घरातल्या एका माणसाचं नाव चढतं. नाव चढलं की बाकीच्यांना ती वाचता येते, उत्तर देता येत नाही. दुसरं एक घर 'राखीव' म्हणून नाव देतं. बारा तासांत कोणी उचललं नाही तर सगळ्यांना आठवण जाते, चोवीस तासांत कोणीच नाही तर 'यावेळी जमणार नाही' असं उत्तर आपोआप जातं. पाहुण्याला होकार जाईल तेव्हा त्यात गटाचं नाव लहान आणि माणसाचं नाव मोठं. घर बदललं तर पाहुण्याला नव्या नावासकट नवा संदेश जातो आणि तो त्याने मान्य करावा लागतो. हे शेवटचं कलम फुकाचं वाटतं, पण एकटीने फिरणारी बाई होकार देते ती विशिष्ट घराला. ऐनवेळी तिला दुसरीकडे पाठवणं म्हणजे न विचारता तिचा निर्णय बदलणं.

सहांपैकी एकाही सेवेत हे 'उचलणं' तयार मिळत नाही. बीवेलकमवर गट आहेत, ट्रस्टरूट्सवर मंडळं आहेत, काऊचर्सवर गावोगावचे समुदाय आहेत. पण ते एकत्र येण्यासाठी, गप्पांसाठी. गट म्हणून यजमान होता येत नाही. हे न कळल्यामुळे लोक गट उघडतात आणि महिनोन्महिने विनंतीची वाट पाहत बसतात.

मग आजच्या घडीला जुगाड काय? सगळ्यांत कमी घोळाचा मार्ग हा: प्रत्येक घराचं वेगळं, एका माणसाच्या नावाचं प्रोफाइल. सामायिक एकच गोष्ट, गावाची माहिती सांगणारा परिच्छेद, तो सगळ्यांनी जसाच्या तसा चिकटवायचा. त्यात बाकीच्या घरांच्या प्रोफाइलची सदस्यनावं. विनंती ज्याला आली त्याने 'मला जमत नाही, पण आमच्या गटातलं अमुक नावाचं घर मोकळं आहे, त्यांना लिहा' असं सांगायचं. पाहुण्याने स्वतः नवी विनंती पाठवायची. एक टप्पा वाढतो, पण कोणाच्या घरी जातोय हे पाहुण्याने स्वतः निवडलेलं असतं. एक खातं, एक पासवर्ड, पाच मोबाईल हा मार्ग वरवर सोपा वाटतो. ओटीपी एकाच्याच फोनवर जातो आणि तो फोन शेतात, रेंजबाहेर. एकाने पासवर्ड बदलला की बाकीचे चार बाहेर. एकाचा फोन हरवला की पाच घरांच्या पाहुण्यांची सगळी पत्रं दुसऱ्याच्या हाती. शिवाय खातं दुसऱ्याला वापरायला देऊ नये ही अट बहुतेक संकेतस्थळांच्या नियमांत असते. आधी वाचून घ्या, मग पाच फोनांत टाका.

आता शेरे, म्हणजे पाहुणा आणि यजमान एकमेकांबद्दल लिहितात ते अनुभव. सामूहिक प्रोफाइलचा सगळ्यांत नाजूक भाग हाच. काऊचसर्फिंगवर दोघांना लिहायला चौदा दिवस मिळतात. दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच शेरे दिसतात, म्हणजे एकाचं वाचून दुसऱ्याने सूड उगवू नये. काऊचर्सचीही हीच चाल. बीवेलकमवर चांगला, मध्यम, वाईट अशी सरळ वर्गवारी. एका माणसाच्या खात्यावर हे छान चालतं. पाच घरांच्या खात्यावर काय होतं ते बघा: दोन घरांनी तीन वर्षांत वीस चांगले शेरे कमावले. पाचवं घर गेल्या महिन्यात आलं. विसांच्या पुण्याईवर पाचव्याकडे पाहुणा जातो आणि तिथे त्याला ढोरांच्या गोठ्याशेजारी टाकलेली गादी मिळते. भरवशाच्या म्हशीला टोणगा. उलटही होतं. पाचव्या घरी कोणी उद्धट वागलं, शेरा वाईट पडला आणि त्या वीस शेऱ्यांवर पाणी. ज्या बाईने तीन वर्षं राबून पाहुण्यांना भाकरी थापल्या तिला तो शेरा कोणाच्या घरचा हे सिद्ध करता येत नाही.

म्हणून शेऱ्यावर घराचं नाव आणि महिना पडलाच पाहिजे, आणि तो दोन ठिकाणी दिसला पाहिजे, गटाच्या पानावर आणि त्या घराच्या पानावर. नव्या घराच्या पानावर शून्य दिसू दे. शून्य ही लाज नाही, ती माहिती आहे. घर गटातून बाहेर पडलं तर त्याचे शेरे त्याच्यासोबत जातात आणि गटाच्या पानावर 'हे घर आता गटात नाही' एवढी ओळ राहते. कोणतंही संकेतस्थळ हे आज आपोआप करत नाही, त्यामुळे पाहुणा निघताना त्याला सांगा: शेऱ्याच्या पहिल्या ओळीत कोणाकडे राहिलात आणि कधी, एवढं लिहा. दहातले सहा जण तरी लिहितील. यजमानाचा शेरा ज्याच्या घरी पाहुणा होता त्यानेच लिहायचा आणि चौदा दिवसांची मुदत पंधराव्या दिवशी आठवून उपयोग नाही. पाहुणा फाट्यावर एसटीत बसला की परत येताना तिथेच लिहून मोकळं व्हावं, तेवढी रेंज फाट्यावर असते.

परदेशी पाहुण्याच्या बाबतीत सामूहिक प्रोफाइलला कायद्याचीही एक बाजू आहे. घरी परदेशी नागरिक मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. लोक त्याला वर्षानुवर्षे 'सी फॉर्म' म्हणतात. हे फक्त हॉटेलांसाठी आहे हा मोठा गैरसमज. धर्मशाळा, आश्रम, वसतिगृह आणि खाजगी घर, सगळ्यांना लागू. २०२५ मध्ये कायदा नवा झाला तरी कळवण्याचं बंधन सुटलेलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. यजमानाने आधी आपलं घर, पत्ता आणि मालकाचं नाव देऊन नोंदणी करायची, मग प्रत्येक पाहुण्याचा पासपोर्ट, व्हिसा, भारतात आल्याची तारीख, कुठून आला, किती दिवस राहणार, हे भरायचं.

गटाची चूक कुठे होते? एका घराने नोंदणी केली आणि पाचही घरांचे पाहुणे त्याच पत्त्यावर दाखवले. कागदावर पाहुणा पाटलांच्या वाड्यात, प्रत्यक्षात गावकुसाच्या पलीकडे. उद्या त्याला साप चावला किंवा पासपोर्ट हरवला की पोलिसांना पहिलं उत्तर द्यायला उभं राहतं ते पाटलांचं घर, ज्याने पाहुण्याचं तोंडही पाहिलेलं नाही. तेव्हा प्रत्येक घराची नोंदणी वेगळी. ती पहिली विनंती येण्याच्या आधी करून ठेवायची, पाहुणा ओसरीवर बसलेला असताना नाही. पोलीस पाटलांच्याही कानावर घालावं. आणि पासपोर्टचा फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही, कधीच नाही. नोंद झाली की फोनमधूनही उडवायचा.

प्रोफाइलचा मजकूर हा वेगळाच विषय. 'आमचं गाव निसर्गरम्य असून अतिथी देवो भव या परंपरेनुसार आम्ही आपलं स्वागत करतो' असा मजकूर ढिगाने दिसतो आणि त्यातून पाहुण्याला काडीचंही कळत नाही. त्याला हवं असतं ते साधारण असं:

'आम्ही गावातली चार घरं. एका वेळी एकच घर पाहुणा घेतं, कोणतं ते निघण्याआधी नावासकट कळेल. एका घरी जास्तीत जास्त दोघं. झोपायला बाज किंवा खाली गादी, वेगळी खोली फक्त दोन घरी. संडास भारतीय बैठकीचा, तीन घरी परसात. नळ एक दिवसाआड. वीज रात्री जाते, कधी दोन तास, कधी पहाटेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय झोप लागत नाही आणि कूलर दोनच घरी आहे. जेवण शाकाहारी, तिखट. पहाटे पाचला सगळे उठतात, तुम्हीही उठाल. शेवटची एसटी पावणेआठला. ती चुकली तर फाट्यावरून नऊ किलोमीटर, रिक्षा मिळत नाही.'

बारा वाक्यं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य एखादी चुकीची विनंती अडवतं. 'तुम्हीही उठाल' ही ओळ तर लाखमोलाची. दुपारपर्यंत झोपणारे आपोआप गळतात.

प्रत्येक घराची माहिती मात्र वेगळी भरली पाहिजे. गटाची सरासरी काढून 'कूलर आहे' असं लिहिलं की कूलर नसलेल्या घरी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, आलेला पाहुणा रात्रभर छतावर येरझारा घालतो. बीवेलकमच्या प्रोफाइलमध्ये धूम्रपान, दारू, अमली पदार्थ चालणार नाहीत अशा खुणा करता येतात, जेवण देऊ, गाव दाखवू, चाकाची खुर्ची चालेल अशाही. दारूची खूण आपल्याकडे नुसता घराचा नियम नाही. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागलेली बंदी २०२१ मध्ये उठली. पाहुण्याला जिल्ह्याची सीमा दिसत नसते. तो नागपुरातून पिशवीत बाटली टाकून निघतो. हे मजकुरात एका ओळीत सांगितलेलं बरं. बीवेलकमची आणखी एक सोय फार कामाची: एकच प्रोफाइल अनेक भाषांत लिहिता येतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहा. पुण्या-मुंबईहून येणारा पाहुणा मराठी वाचून येतो आणि त्याच्याशी बोलताना आजींना दुभाष्या लागत नाही.

नकाशावरची जागा हा छोटा, पण रोज घोळ घालणारा तपशील. सावंगी, खैरी, पिंपळगाव या नावांची गावं विदर्भात किती आहेत ते मोजायला बसू नका. ही संकेतस्थळं गावांची नावं जगभराच्या तयार यादीतून घेतात, बीवेलकम जिओनेम्समधून. यादीतलं पहिलं सावंगी निवडलं की तुम्ही दुसऱ्याच तालुक्यात जाऊन बसता. टाचणी हाताने हलवा, तालुका आणि पिनकोड मजकुरात लिहा. गटासाठी टाचणी ग्रामपंचायतीवर किंवा चावडीवर ठेवावी, कोणाच्या घरावर नाही. घराचा पत्ता होकारानंतरच.

गटाचं वेळापत्रक. 'येऊ शकता, बहुतेक, नाही' या तीन खुणा एका माणसापुरत्या ठीक. गटासाठी घरनिहाय दिनदर्शिका हवी आणि ती शेतीच्या हंगामावर बेतलेली हवी. पूर्व विदर्भात जुलैत धानाची रोवणी लागली की चारही घरं एकदम बंद, तेव्हा 'बहुतेक' लिहून पाहुण्याला टांगणीला लावू नये. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, घरं पहाटे रिकामी होतात. पाहुणा सोबत येणार असेल तर उत्तम, झोपून राहणार असेल तर घराची किल्ली कोणाकडे हा प्रश्न. पऱ्हाटी, म्हणजे कापूस, असलेल्या गावांत दिवाळीनंतर वेचणी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मात्र दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम, त्या काळात पाहुणा म्हणजे पर्वणी. रात्रभर नाटक दाखवलं की झोपायच्या जागेची चिंताच मिटते. ताडोब्याजवळच्या घरांनी लिहून ठेवावं: गाभ्याचं जंगल मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद. नाहीतर पाहुणा सोमवारी रात्री येतो आणि मंगळवारी तुमचं तोंड बघत बसतो.

पाहुण्यांच्या बाजूचं सामूहिक प्रोफाइल थोडक्यात. एकाचं प्रोफाइल आणि येणारे सहा जण, असा प्रकार विद्यार्थ्यांच्या टोळ्यांत फार. नियम सोपा: जो येणार त्याचं नाव विनंतीत. नाव नाही तर जागा नाही. जोडप्याचं एक खातं चालेल.

आता निकाल. नागपूरहून वर्धा-यवतमाळच्या अंगाने दक्षिणेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, हिंगणघाटपासून पांढरकवड्यापर्यंतच्या पट्ट्यात घर असेल तर वॉर्मशॉवर्स डोळे मिटून घ्या. काश्मीर ते कन्याकुमारी करणारे सायकलवाले याच रस्त्याने जातात. तिथे बिछाना, आंघोळ, तंबूला जागा, कपडे धुणं, स्वयंपाकघर अशा सोयींची यादी आहे, आणि सायकलवाल्याच्या गरजा मोजक्या: पाणी, ओसरी, सायकल आत घ्यायला जागा. एका रात्रीचा पाहुणा, पहाटे निघून जातो. गटाची गरजच पडत नाही, महामार्गावरच्या प्रत्येक गावात एक घर पुरतं.

सेवाग्राम, पवनार, आनंदवन किंवा ग्रामसभेसाठी ओळखलं जाणारं मेंढा-लेखा पाहायला येणारे लोक निवांत असतात, दोन-तीन दिवस थांबतात, प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठी बीवेलकम किंवा काऊचर्स. दोन्ही फुकट, दोन्हीकडे मजकूर वाचून येणारे लोक जास्त. वर सांगितलेली स्वतंत्र प्रोफाइल आणि सामायिक परिच्छेद ही पद्धत बीवेलकमवर सगळ्यांत नीट बसते, कारण भाषांची सोय आणि खुणा. काऊचसर्फिंगवर गर्दी अजूनही मोठी आहे, पण खेड्यातल्या यजमानाने त्या शहरी गर्दीत उभं राहावं असं काही कारण दिसत नाही. ट्रस्टरूट्स हलकंफुलकं, मजकूर तोकडा. अंगणात तंबू टाकू देणाऱ्यांना पुरेसं. सर्वासची मुलाखत आणि परिचयपत्र जुन्या काळचं वाटतं खरं, पण ज्या घरात सासू-सासरे 'कोण कुठला माणूस' म्हणून धास्तावतात तिथे तीच गोष्ट पटते. कोणीतरी या पाहुण्याशी समोरासमोर बोललेलं आहे हे त्यांना कळतं.

गट उघडायचाच असेल तर उघडण्याआधी एक चाचणी घ्या. एखाद्या दूरच्या भाच्याला सांगा, शनिवारी संध्याकाळी विनंती पाठव, कोणाला आधी सांगू नकोस. मग घड्याळ लावा. उत्तर किती वेळात आलं हे बघायचं, पण त्याहून आधी बघायचं की उत्तरात एका माणसाचं नाव आहे का, आणि रविवारी त्या माणसाच्या बायकोला, आईला हे ठाऊक आहे का. नाव आलं नाही किंवा घरात पत्ताच नाही, असं निघालं तर सामूहिक प्रोफाइल उघडू नका. चार वेगळी उघडा, आणि फाट्यावरच्या पानठेलेवाल्याला कोणत्या आठवड्यात कोणाचा पाहुणा येतोय ते सांगत चला.